मुक्काम पोस्ट डाव्या पंखाखाली

असोदा, ता. जि. जळगाव

श्रीमती कुंभारीणबाई यांस,
डाव्या पंखाखालची नळी, मातीचं दार



पत्र खुलं लिहितो आहे. बंद पाकिटातून पाठवायचा विचार होता, पण ते आत सरकवायला तुमच्या दाराला फटच नाही. लिंपण इतकं पक्कं की आमच्याकडे घरकुल योजनेची कामं घेणाऱ्या ठेकेदारांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवावं.

पत्रास कारण की, आमच्या एका स्नेह्यांचं चार आसनांचं छोटं विमान, सेसना 172, आपल्या खानदेशातल्या एका धावपट्टीवर उभं असतं. त्याच्या डाव्या पंखाखाली, तिरक्या आधारदांड्याच्या मागे, करंगळीही शिरणार नाही अशी एक नळी बाहेर डोकावते. त्या नळीत तुम्ही संसार थाटलात. परिणामी शंभरावर अश्वशक्तीचं एक धडधाकट इंजिन धापा टाकत बंद पडलं, आणि तुमचं घर सापडेपर्यंत आम्ही ते जवळजवळ अर्धं उघडून बसलो.

आधी तुमचं कौतुक करतो, म्हणजे पुढचं बोलणं मनाला लागणार नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. माणसं दुपारी दारं लावून घेतात, गुरं निंबाखालून हलत नाहीत. अशा उन्हात तुम्ही हँगरमागच्या गळक्या नळाखालून चिखलाची एकेक गोळी उचलून आणत होतात. यजमानांचा या बांधकामात वाटा शून्य. तुमच्या कुंभारीण माश्यांच्या जमातीत नर माती वाहत नाही, शिकार आणत नाही, घराकडे फिरकतही नाही. सगळं एकट्या बाईने करायचं आणि वर बोलणी खायची. या बाबतीत तुमची आणि आमच्या घरांची परिस्थिती सारखी आहे, म्हणून सहानुभूती आहे.

जागा निवडण्याची तुमची नजरही दाद देण्यासारखी. भोवती मोकळं रान, हँगरच्या लांबलचक भिंती, पत्र्याखालचे अँगल, कोपऱ्यात बंद पडलेली जीप, तिचा गंजलेला सायलेन्सर. एवढी प्रशस्त घरं रिकामी असताना तुम्हाला हवी होती नेमकी तीच नळी, जिच्यावर आमच्या स्नेह्यांचा जीव अवलंबून आहे. सावली आहे, पाऊस लागत नाही, पाल शिरत नाही, भाडं नाही, घरपट्टी नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला तर नाहीच नाही.

परवानगी म्हणजे काय असते ते कॅप्टन अमोल यादव यांना विचारा. या माणसाने मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. उडवून पाहण्याचा परवाना हातात पडायला 2019 चा ऑक्टोबर आला. 2020 मध्ये चाचण्या झाल्या त्या आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. अख्खं विमान बांधणाऱ्याला कागदांसाठी इतकी वर्षं थांबावं लागलं, आणि तुम्ही त्याच खानदेशात, विमानाच्या आत, एकही अर्ज न करता पक्कं बांधकाम उरकलंत. शासनाने 'व्यवसाय सुलभते'चं पारितोषिक द्यायचं झालं तर पहिला हक्क तुमचा.

आता ती नळी कशासाठी असते ते सांगतो, कारण बांधकामापूर्वी तुम्ही चौकशी केलेली दिसत नाही.

सेसनाचे पंख डोक्यावर असतात आणि पेट्रोलच्या टाक्या त्या पंखांत. पेट्रोल आपल्या वजनाने खाली इंजिनाकडे येतं. पण टाकीतून जेवढं पेट्रोल खाली गेलं तेवढी हवा वर शिरली पाहिजे. गोड्या तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक ओतायला आणि एक हवेला. दुसरं पाडलं नाही तर तेल गटक गटक करून अडतं. तुमची ती नळी म्हणजे हे दुसरं भोक. ती बुजली की टाकीत ओढ तयार होते, पेट्रोलची धार बारीक होत जाते आणि इंजिन उपाशी मरतं, तेही टाकी भरलेली असताना. खरं तर विमान बनवणाऱ्यांनी एक जादा सोय केली होती: उजव्या टाकीच्या टोपणात हवा आत घेणारी छोटी झडप. ती धुळीने आणि म्हातारपणाने चिकटून बसली होती. म्हणजे पुढचं दार तुम्ही लिंपलं आणि मागचं आपोआप लागलं.

विमानाला लागणारं पेट्रोल मोटारसायकलचं नव्हे. ते 100 एलएल जातीचं, निळसर रंगाचं. 2022 पर्यंत ते भारतात बाहेरून येत होतं. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवून बाजारात आणलं. या मौल्यवान निळ्या पाण्यावर सगळ्यांची नजर असते. किती भरलं, किती जळलं, कितीला पडलं, याचा थेंबाथेंबाचा हिशेब असतो. हवा फुकट. फुकटची वस्तू आत जाते की नाही, हे कोण वाकून बघणार? बाई, तुम्ही माणसाचा हा स्वभाव ओळखूनच जागा निवडलीत, अशी मला दाट शंका आहे.

आता तुमच्यामुळे काय काय घडलं ते ऐका.

मी विमानवाला नव्हे. असोद्यात पाण्याच्या मोटारी आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात हयात गेली. स्नेह्यांचा फोन आला की इंजिन चालू होतं, छान बोलतं, थोड्या वेळाने गळपटतं आणि बंद पडतं. तासाभराने पुन्हा चालू केलं तर पुन्हा छान. मला बोलावलं ते मिस्तरींच्या हाताखाली, टॉर्च धरायला आणि पान्हे द्यायला. मिस्तरी म्हणजे कागदावर 'विमान देखभाल अभियंता', सरकारी परवान्याचे. आम्ही मिस्तरी म्हणतो आणि ते ओ देतात. विमानाला मालकाने हौसेने पान्हा लावायचा नसतो. काम झाल्यावर परवानाधारक माणसाने कागदावर सही करून, परवाना क्रमांक घालून सांगावं लागतं की हे यंत्र आता उडायला योग्य आहे. त्या सहीखाली उद्या कोणाचा जीव असतो. तुम्ही केलेल्या कामाखाली कोणाची सही आहे?

मिस्तरी येण्याआधीच निदानं सुरू झाली होती. मालक म्हणाले, उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ होते. चौकीदार म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी. गाडीवाला म्हणाला, गाडीचं असंच झालं होतं, कॉईल बदलली. चहावाला म्हणाला, पांढऱ्या विमानाला नजर लवकर लागते, मागे लिंबू बांधा. मातीचं नाव कोणी काढलं नाही.

मिस्तरी आले. तावडी बोलणारा, कमी बोलणारा माणूस. आधी किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवली, चाकांना ओंडके लावले. "पंख्याले कोनी हात लावू नका. बंद इंजिनाचा बी भरवसा नई," एवढंच म्हणाले. मॅग्नेटोची तार तुटलेली असेल तर हाताने फिरवलेला पंखा इंजिन पेटवू शकतो आणि हात नेऊ शकतो. हे शिकवायला त्यांना फलक लागत नाही.

मग तपासणी. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढलं. पाणी असतं तर खाली वेगळं बसलं असतं. निळं, स्वच्छ. चौकीदाराचं निदान बाद.

इंजिन चालू करून 1,700 फेऱ्यांवर मॅग्नेटो तपासले. हे लायकमिंगचं ओ-320, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टचं. चार सिलिंडर, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आडवे, पाणी नाही, हवेनेच थंड होणारं, सव्वापाच लिटरचं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो, एक गेला तरी दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून. एकेक बंद करून पाहायचा. फेरे 125 पेक्षा जास्त पडले तर दोष. पडले नाहीत. तरी आठही प्लग काढले. या पेट्रोलमध्ये शिसं असतं, त्याचे बारीक मणी प्लगच्या पोटात साचतात. ते खरवडून साफ केले, फटी मोजल्या, नवे तांब्याचे वॉशर घातले, खालचे वर आणि वरचे खाली केले. गाडीवाल्याचं निदानही बाद.

इंजिन पुन्हा चालू. सुंदर बोललं. पुन्हा गळपटलं. पुन्हा बंद.

मग पेट्रोलच्या वाटेवर उतरलो. गाळणीची वाटी उघडली. कचरा नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाची बारीक जाळी काढली. स्वच्छ. आत फ्लोट हलतो, सुई बसते. मालक एव्हाना नवीन कार्ब्युरेटर किती आठवड्यांत येईल याची चौकशी फोनवर करू लागले होते. बाई, तुम्ही तेव्हा माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, पंखाखाली घुटमळत होतात. मी टोपीने हाकललं. ओळख नव्हती, माफ करा.

मिस्तरींनी घाई केली नाही. पान्हा खाली ठेवला, बाकावर बसले आणि म्हणाले, "इंजिन खोटं बोलत नई भाऊ. थंड असतांनी चालते, थोड्या येळानं मरते, आराम दिला की पुन्हा चालते. मंग आरामात काय दुरुस्त व्हते?" विमानविद्येतला यापेक्षा नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. आरामात प्लग दुरुस्त होत नाही, कार्ब्युरेटर साफ होत नाही. आरामात फक्त एकच गोष्ट घडते. कुठल्या तरी बारीक फटीतून हवा हळूहळू टाकीत शिरते.

त्यांनी कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडली, खाली डबा धरला, झडप उघडली. निळी धार जोरात आली. आम्ही बघत बसलो. धार बारीक झाली, सुतासारखी झाली, थेंबांवर आली आणि थांबली. टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या, म्हणून तर हे लवकर घडत होतं: वर हवा मुळात थोडी, ती चटकन ताणली जात होती. "आता वर चढा आन् टोपन उघडा," मिस्तरी म्हणाले. मी शिडीवर चढून टाकीचं टोपण फिरवलं. आतून 'सूंऽऽ' करून हवा ओढली गेली, आणि खाली डब्यात धार पुन्हा दणदणीत सुरू झाली.

ट्रॅक्टरवर हयात घालवलेल्या मला काही सांगायची गरज नव्हती. आम्ही तिघांनीही एकाच वेळी डाव्या पंखाखाली वाकून टॉर्च मारला. तुमचं दार, करड्या मातीचं, गुळगुळीत, मधोमध थोडं फुगीर.

जप्तीचा पंचनामा असा. मिस्तरींनी माती आत ढकलू दिली नाही. ढकलली असती तर तुकडे आत जाऊन आणखी कुठे अडकले असते. नळी सोडवली, बाहेरच्या बाजूने माती कोरून काढली, आतल्या झडपेचं पातं हलतं का ते पाहिलं, टोपणं काढून ठेवून उलट्या दिशेने हलकी हवा मारली. टेबलावर पडलं ते असं: मातीच्या भिंती, त्यात हिरव्या अळ्या ओळीने, आणि एक पांढरट गुबगुबीत बाळ. अळ्या मेलेल्या नव्हत्या. डंख मारून लुळ्या केलेल्या, म्हणजे बाळाला जेवण ताजं. शीतगृहावाचून महिनाभर माल टिकवण्याची ही युक्ती आमच्या केळीवाल्यांना कळली तर तुम्हाला रावेरला नेऊन सत्कार करतील.

संतांनी तुमचा दाखला गुरु-शिष्यासाठी पिढ्यान्पिढ्या दिला: अळी भृंगीचं ध्यान करता करता स्वतःच भृंगी होते, तसा भक्त देव होतो. टेबलावरचं दृश्य पाहून एवढंच वाटलं की या गोष्टीत गुरूच्या मुलाने शिष्य खाल्ला आहे. मठाधिपतींनी हा दाखला वापरताना जपून राहावं.

आणि एक शल्य सांगतो, ते गावाचं आहे. आमचं असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 मध्ये त्या इथे जन्मल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने शेत, जातं, विहीर, पाखरं यांवर ओव्या रचल्या. सुगरणीच्या खोप्याकडे बघून तिने माणसाला जे सुनावलं, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराने शाळेत वाचलं आहे. सुगरणीलाही हात नाहीत, तुम्हालाही नाहीत. तिचीही पिल्लांसाठी धडपड, तुमचीही. तरी कविता तिला मिळाली आणि तुम्हाला टॉर्च. सुगरण बाभळीच्या फांदीला खोपा टांगते आणि त्याने कोणाचं इंजिन बंद पडत नाही, एवढा एकच फरक. कला कुठे करावी याचंही शहाणपण लागतं, बाई.

आता तुमच्या घराण्याचा इतिहास. इथे मी थट्टा थोडी बाजूला ठेवतो.

6 फेब्रुवारी 1996. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग 757 उडालं आणि काही मिनिटांत समुद्रात पडलं. 189 माणसं गेली, एकही वाचलं नाही. विमान त्याआधी कित्येक दिवस जमिनीवर उभं होतं आणि त्याच्या पिटोट नळ्यांना टोप्या घातलेल्या नव्हत्या. पिटोट नळी म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग सांगणारी. ती बुजली की काटा खोटं बोलतो. कॅप्टनच्या बाजूचा काटा धावपट्टीवरच चालत नव्हता, हे लक्षात येऊनही उड्डाण झालं. वर गेल्यावर त्याच काट्याने वेग भलताच जास्त दाखवला, आणि तो खरा मानून विमान हळू केलं गेलं, इतकं की ते कोसळलं. संशय तुमच्या तिकडच्या, कोळी पकडणाऱ्या चुलतबहिणीवर आहे. नळ्या समुद्रातून हाती लागल्या नाहीत, त्यामुळे गुन्हा शाबीत नाही. कायद्याने संशयाचा फायदा तिला.

2013 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एक एअरबस ए-330 उतरली आणि जेमतेम दोन तास थांबून परत निघाली. वेगाचे आकडे जुळेनात म्हणून तिला माघारी यावं लागलं. तपासात कॅप्टनच्या बाजूच्या पिटोट नळीत मातीचं घरटं निघालं. दोन तासांत! आमच्याकडे दोन तासांत तलाठी जागेवर सापडत नाही. त्या विमानतळावर मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेली तुमची आणखी एक नातेवाईक मुक्कामाला आहे. तिथल्या संशोधकांनी पिटोटच्या नकली नळ्या छापून भिंतींवर लावल्या आणि ती कुठे, कोणत्या मापाच्या भोकात, कोणत्या ऋतूत बांधते, याचा वर्षानुवर्षं हिशेब ठेवला. 2020 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्या जमातीवर इतकं लक्ष देणारी माणसं जगात आहेत. आमच्या धावपट्टीवर तुमच्याकडे लक्ष देणारा मी एकटा, तोही टोपी घेऊन.

आणि आमच्या मुलखात तर हा विषय नुसता गमतीचा नाही. 2012 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन केलं. धुळे, शिरपूर इथेही धावपट्ट्या आहेत, पोरं विमान शिकतात. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात एक शिकाऊ विमान पडलं. शिकवणारा तरुण गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. सातपुड्याच्या त्या रानात आदिवासी बायाबापड्या धावल्या, साडीची झोळी करून तिला डोंगरवाटेने खाली आणलं. त्या अपघाताशी तुमचा काही संबंध नाही आणि मी तो तुमच्या माथी मारत नाही. पण तेव्हापासून वर विमानाचा आवाज बदलला की आमच्याकडची माणसं हातातलं काम टाकून मान वर करतात, हे तुम्हाला माहीत असावं.

इतकं सगळं तुमच्या नावावर लिहिल्यावर तुमच्या वकिलाचं म्हणणंही मांडतो, कारण ते मांडायला तुम्हाला वकील कोणी देणार नाही.

त्याच डाव्या पंखाखाली, थोड्या अंतरावर, पिटोट नळी लाल टोपी घालून उभी होती. टोपीला लांब फीत, 'उडण्यापूर्वी काढा' अशी ताकीद छापलेली. शेजारची हवेची नळी मात्र बोडकी. त्या टोपीची किंमत मालकांच्या एका तासाच्या पेट्रोलाएवढीही नाही. आणि मालकांच्या हातात प्रत्येक उड्डाणाआधी जी यादी असते, तिच्यात स्पष्ट ओळ आहे: टाकीची हवेची नळी मोकळी आहे का, पाहा. त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. मागच्या पानावरही होती. त्याच्या मागच्याही. अक्षर सुबक, शाई निळी. तुम्ही माती आणत होतात, लिंपत होतात, बाळ निजवत होतात, आणि वर कागदावर नळी मोकळी होती.

हा रोग आमचा आहे, बाई. अंगणवाडीच्या पटावर पोरं हजर असतात, टँकरच्या वहीत पाणी पोचलेलं असतं, हजेरीपटावर अंगठे असतात. विमानही यातून सुटलं नाही. 1996 मध्येच ऑक्टोबरात पेरू देशात एरोपेरूचं बोइंग 757 धुताना एका माणसाने दाब मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली, ती काढायची राहिली, तपासणाऱ्यांच्या आणि वैमानिकांच्या डोळ्यांखालून गेली. रात्रीच्या अंधारात उंचीही कळेना आणि वेगही. 70 माणसं समुद्रात गेली. तिथे माशी नव्हती. पट्टी लावणारा माणूस होता आणि न बघता 'बघितलं' म्हणणारे इतर. पट्टी लावणाऱ्याला तिथे शिक्षा झाली. खूण करणारा हात मात्र जगभर मोकळा फिरतो. तो आमच्या धावपट्टीवरही असतो, आणि त्या दिवशी त्याच्या मालकाने चहाचे पैसे दिले.

मिस्तरींनी मालकांना काही सुनावलं नाही. कोरून काढलेली माती, अळ्या आणि बाळ एका कागदावर ठेवलं, तो कागद तपासणी-यादीच्या त्या खुणेवर अलगद ठेवला आणि मालकांच्या हातात दिला. मग उजव्या टोपणाची झडप बदलली, नळी जोडली, प्रत्येक बोल्टला सुरक्षातार पिळून बांधली, गळती पाहिली. इंजिन चालू करून पूर्ण ताकदीवर इतका वेळ चालवलं की चहावालाही कंटाळून गेला. गळपटलं नाही. मग बसून, चष्मा लावून, काय बिघडलं होतं, काय केलं, कोणता भाग बदलला, हे सगळं लॉगबुकात लिहिलं आणि खाली आपलं नाव घातलं. त्या सहीला वेळ लागला, कारण ती खूण नव्हती.

तेव्हा आता निकाल आणि तडजोडीच्या अटी.

पहिली अट. हवेच्या नळीला आजपासून लाल टोपी आहे. ती तुमच्यासाठी नसून मालकांसाठी आहे; तुम्ही मनावर घेऊ नये. टोपी न काढता ते उडाले तर तुमच्या लिंपणाचंच फळ मिळेल, हे त्यांना समजावलं आहे.

दुसरी. हँगरच्या मागच्या भिंतीला, सावलीत, बोरूच्या आणि बांबूच्या नळ्यांची जुडी टांगली आहे. वेगवेगळ्या मापांची भोकं आहेत. गळका नळ दुरुस्त करू नये असं मीच सुचवलं होतं. मालकांनी मात्र तुमच्यावरचा राग त्या नळावर काढून तो त्याच दिवशी नीट करून घेतला. चिखलाची सोय तुमची तुम्ही पाहावी.

तिसरी. आमच्यापैकी कोणी यादीवर न बघता खूण केली, तर ज्या भोकापुढे ती खूण असेल ते भोक तुम्ही खुशाल बुजवावं. फक्त विमान जमिनीवर असताना आणि इंजिन चालू करून पाहण्याआधी. खानदेशातल्या झाडून सगळ्या धावपट्ट्यांसाठी तुमची मानद निरीक्षक म्हणून नेमणूक करावी, अशी शिफारस मी करणार आहे. पगार नाही, भत्ता नाही, यजमानांची मदत नाही. म्हणजे तुमच्या सेवाशर्तींत काही बदल होणार नाही.

बाळ त्या जुडीतल्या एका नळीत अळ्यांसकट ठेवलं आहे. जगलं तर कळवावं.

कळावे, लोभ आहे तेवढाच असावा, वाढू नये ही विनंती.

आपला,
टॉर्च धरणारा, असोदेकर

ता. क. — बिल सोबत जोडलं आहे: तांब्याचे आठ वॉशर, टोपणाची एक झडप, सुरक्षातार, डब्यात ओतलेलं निळं पेट्रोल, मिस्तरींची मजुरी आणि सगळ्यांचा चहा. रोख जमत नसेल तर तेवढ्या किमतीच्या अळ्या आमच्या कपाशीतून उचलाव्यात. पानावरच्या नकोत, त्या कोणीही उचलतं. बोंडाच्या आत बसलेली गुलाबी बोंडअळी हवी. भोकात शिरण्याचा तुमचा अनुभव दांडगा आहे.